औषध कोंबडीला नको, लाकडाला द्या

तिन्हीसांज झाली की कोंबडी आपल्या पायांनी खुराड्यात शिरते, तिला कुणी सांगावं लागत नाही. त्यामुळे एखाद्या घरच्या कोंबड्या रोज संध्याकाळी दारापाशीच अडू लागल्या, हाकलून आत घातल्या तरी कलकलाट करत बाहेर येऊ लागल्या किंवा खुराडं सोडून आंब्याच्या फांदीवर नाहीतर गोठ्याच्या वाशावर बसू लागल्या, तर पहिला संशय मुंगसावर किंवा सापावर जातो. तो जायलाच हवा. पण दोन्हींची काही खूण सापडली नाही, तर खुराड्याच्या फळ्यांच्या सांध्यांत बघा. तिथे बहुतेक वेळा लाल माइटची वस्ती असते.

दिवसा हा प्राणी दिसत नाही, आणि लोक फसतात ते इथेच. कोंबडी धरून पिसं उलटून पाहिली तर अंगावर काहीच सापडत नाही. कारण तो कोंबडीवर राहत नाही, लाकडात राहतो. अंधार पडून तास-दोन तास झाले की भेगेतून निघतो, दांडीवरून कोंबडीच्या पायावर चढतो, अर्धा-पाऊण तास रक्त पितो आणि पुन्हा आपल्या भेगेत परततो. पूर्ण वाढलेला माइट जेमतेम एक मिलिमीटर भरतो. उपाशी असताना राखाडी-पांढरा दिसतो, पोट भरल्यावर लाल.

तपासणी म्हणून रात्रीच करायची. नऊ-दहाच्या सुमाराला बॅटरी घेऊन जा आणि कोंबड्या बसलेल्या दांडीच्या खालच्या बाजूवरून पांढरं फडकं किंवा कोरा कागद दाबून ओढा. लाल रेघा उमटल्या तर प्रश्न मिटला, म्हणजे निदानाचा तरी. दिवसा बघायचं असेल तर दांडीची टोकं जिथे भिंतीत बसतात ती खाच, बिजागरीची मागची बाजू, अंड्यांच्या खोक्याचा तळ, छपराच्या रिपा आणि फळी यांमधली फट एवढ्या जागा पुरेत. तिथे चिमूटभर राख सांडल्यासारखी राखाडी-पांढरी पूड दिसेल. ती त्यांची विष्ठा आणि टाकलेली कात असते. खिळ्याचं टोक फटीत घालून फिरवलं की आतून लाल-काळे ठिपके चालू लागतात.

बाकीच्या खुणा उशिरा दिसतात. तुरा फिकट पडतो, अंडी कमी होतात, काही अंड्यांच्या कवचावर रक्ताचे बारीक डाग येतात. खुडूक कोंबडी अंडी टाकून उठते. पिल्लं सकाळी मरून पडलेली सापडतात. फिकट तुरा जंतांमुळेही होतो, तेव्हा नुसता तुरा पाहून माइटचा निकाल देऊ नये. रात्रीचा कागद खरा.

घरोघरी या सगळ्याला ‘पिसवा झाल्या’ असंच म्हणतात. बोलताना चालतं, उपाय करताना चालत नाही, कारण कोंबडीला त्रास देणारे किडे चार-पाच तऱ्हेचे असतात आणि प्रत्येकाचा बिऱ्हाडाचा पत्ता वेगळा. उवा कायम अंगावर राहतात. पिवळसर, चपट्या, पिसांच्या बुडाशी लिखांचे झुपके चिकटलेले. दुसऱ्या एका जातीचे माइटही अंगावरच मुक्काम ठोकतात. शेपटाखाली, विष्ठेच्या जागेभोवतीची पिसं त्यांनी काळपट, चिकट होतात आणि ते दिवसाढवळ्या दिसतात. पायांवरचे खवले उचलून पाय खडबडीत, जाड झाले असतील तर तो खवल्यांखाली राहणारा तिसराच माइट. त्याला पाय कोमट साबणपाण्यात भिजवून घासायचे आणि पुढचे काही आठवडे अधूनमधून तेल किंवा व्हॅसलीन चोपडायचं. आणि कोरड्या मुलखात, जिथे पाऊस बेताचा आहे, तिथे खुराड्याच्या फटीत चपटे, करड्या-तपकिरी रंगाचे, चांगले मोठे किडे सापडले तर त्या कोंबडीच्या गोचिडी. त्याही दिवसा लपतात आणि रात्री रक्त पितात. शिवाय त्यांच्यामुळे कोंबड्यांना ताप आणणारा जिवाणूचा रोग पसरतो. गोचीड उपाशीपोटी वर्षानुवर्षं तग धरते. खाली खुराड्याच्या साफसफाईचं जे सांगितलं आहे ते गोचिडीलाही लागू पडतं, फक्त चिकाटी अधिक लागते.

या लेखात मुख्यतः लाल माइटबद्दल बोलू, कारण लाकडी खुराड्याचा खरा भाडेकरू तोच आहे.

वेग आणि चिवटपणा

त्याचा जीवनक्रम समजला तर कामाचं वेळापत्रक आपोआप समजतं. मादी रक्त पिऊन भेगेत परतली की चार-आठ अंडी घालते, पुन्हा पिते, पुन्हा घालते. अंडी उबदार हवेत दोन-तीन दिवसांत फुटतात. त्यातून निघालेली सहा पायांची अळी काहीच खात नाही, एकदा कात टाकते, मग रक्त पिऊ लागते आणि आणखी दोन काती टाकून पूर्ण माइट होते. २५ ते ३० अंश उष्णता आणि हवेत ७० टक्क्यांच्या आसपास दमटपणा असेल तर अंड्यापासून अंडी घालणाऱ्या मादीपर्यंतचा हा प्रवास आठवड्याभरात उरकतो. कोकणातला पावसाळा म्हणजे त्याला अगदी हवी तशी हवा. मे महिन्यात मूठभर असलेले माइट श्रावणापर्यंत खुराड्यात मावेनासे होतात, ते या हिशोबाने.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. खायला काही मिळालं नाही तरी तो गारव्यात कित्येक महिने, आठ-नऊ महिन्यांपर्यंतही जिवंत राहू शकतो. ‘कोंबड्या विकून टाकल्या, दोन महिने खुराडं रिकामं ठेवलं, आता नव्या आणतो’ हा उपाय म्हणून फुकट आहे. पहिल्याच रात्री नव्या पिल्लांच्या पायांवर जुने उपाशी माइट चढतात.

त्याची कमजोरी एकच, उष्णता. ४५ अंशांच्या पुढे तो टिकत नाही. आपल्याकडच्या उन्हात हे फार सोपं हत्यार आहे, आणि ते फुकट आहे.

खुराडं उघडं पाडणं

कडक उन्हाचा दिवस निवडा आणि सकाळीच सुरुवात करा. आधी कोंबड्यांच्या रात्रीच्या मुक्कामाची सोय लावा. एकदोन स्वच्छ डाली, खाली नवा पेंढा, जागा खुराड्यापासून लांब. घराच्या पडवीत नको. दिवसा कोंबडीच्या अंगावर माइट फारसे नसतात, पण एखादा चुकार असतोच, आणि तो तुमच्या पडवीच्या लाकडात बिऱ्हाड करील.

खुराड्यातला भुसा, तूस, पेंढा सगळा काढून जाळा. उकिरड्यावर टाकायचा मोह होतो, खत चांगलं म्हणून. या वेळी तो आवरा, विशेषतः उकिरडा खुराड्याला लागून असेल तर. मग जे जे सुटं होतं ते सुटं करा. दांड्या, अंड्यांची खोकी, तळाची फळी, दार. खिळे ठोकून पक्कं केलेलं असेल तर खिळे उपटा. इथे आळस केला तर पुढचं सगळं पाण्यात जातं, कारण माइटची गर्दी नेमकी तिथे असते जिथे दोन लाकडं एकमेकांना भिडतात. वाळलेली शीट पत्र्याने खरवडा, भेगा तारेच्या ब्रशने घासा. अंगभर कपडे घाला, नाकातोंडाला फडकं बांधा. वाळक्या शिटीची धूळ फुप्फुसाला चांगली नाही.

आता उकळतं पाणी. बादलीतून ओतलेलं पाणी लाकडावर पसरेपर्यंत निवतं आणि माइटला नुसती अंघोळ घडते. चुलीवर मोठं पातेलं खळखळत ठेवा, किटलीत भरा आणि किटलीची तोटी सांध्याला टेकवून धार सोडा. पाण्यात भांडी घासायचा पातळ साबण टाकला तर पाणी भेगेत जास्त आत शिरतं आणि माइटच्या अंगावरचं पाणी न धरणारं मेणकट आवरणही निष्प्रभ होतं. ज्या फटीतून लाल-काळा गाळ वाहून येतो तिथे दोनदा, तीनदा ओता.

धुतलेलं सामान नुसतं उन्हात मांडू नका. पारदर्शक प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून, कडा दगडांनी दाबून, अंगणात किंवा कातळावर भर उन्हात ठेवा. प्लॅस्टिकखाली उष्णता कोंडते आणि उघड्यावर ठेवलेल्या लाकडापेक्षा ते बरंच जास्त तापतं. जाड लाकडाच्या पोटापर्यंत उष्णता पोचायला वेळ लागतो, म्हणून दोन-तीन दुपारी जाऊ द्या आणि रोज फळ्या उलटा. मार्च ते मे हे काम हमखास होतं. पावसाळ्यात होत नाही, आणि म्हणूनच खुराड्याची मोठी साफसफाई मेअखेरीला उरकलेली बरी. पावसाआधी कौलं शाकारतो, फाटी आत घेतो, तसंच हेही.

विस्तवाने काम लवकर होईल असं काहींना वाटतं. नारळाच्या झावळीची चूड पेटवून फळ्यांखालून फिरवायची जुनी पद्धत आहे, हल्ली गॅसचा बर्नरही वापरतात. सुक्या लाकडाच्या, वर पेंढा किंवा झापं असलेल्या खुराड्यावर हा खेळ करू नये. ज्वाळा पृष्ठभाग करपवते, भेगेच्या तळाशी पोचत नाही. म्हणजे आगीचा धोका पूर्ण आणि फायदा निम्माच.

फवारणी कशाची

नुसतं पाणी आणि ऊन यांवर हलकी लागण आटोक्यात येते. जुनी असेल तर औषध लागतंच. गोठ्यातल्या गोचिडांसाठी डेल्टामेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिन असलेली औषधं पशुवैद्यकीय दुकानात मिळतात आणि ती माइटवरही चालतात. प्रमाण बाटलीवर असतं तेच घ्यायचं. जागा फवारण्यासाठीचं प्रमाण आणि जनावराच्या अंगावर लावण्याचं प्रमाण वेगळं असतं, हे नीट वाचा किंवा दवाखान्यात विचारा. फवारा हवेत उडवायचा नाही. नोझल सांध्यावर धरून लाकूड ओलं होईपर्यंत सोडायचा. कोंबड्या, दाणा, पाण्याची भांडी, अंडी यांपैकी काहीही त्या वेळी आसपास नको, आणि लाकूड पूर्ण सुकल्याशिवाय कोंबडी आत नको. ही औषधं माशांना आणि मधमाश्यांना अतिशय विषारी असतात. उरलेलं द्रावण ओढ्यात, विहिरीच्या बाजूला किंवा तळ्याकडे जाणाऱ्या पाटात ओतू नका.

नीट फवारूनही माइट चालताना दिसले तर प्रमाण दुप्पट करू नये. या गटातल्या औषधांना माइट सरावल्याची उदाहरणं जगभर आहेत. अशा वेळी पशुवैद्यांना विचारून औषधाचा गटच बदलायचा.

आणि शेतीचं औषध अजिबात नको. हे जोर देऊन सांगावं लागतं, कारण भाताच्या खोडकिड्यासाठी आणलेली फिप्रोनिलची अर्धी बाटली कित्येक घरांच्या माळ्यावर असते आणि ती माइटला मारते हेही खरं आहे. २०१७ साली नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये हेच घडलं. कोंबड्यांच्या शेडमध्ये लाल माइटवर फवारण्यासाठी निलगिरी आणि पुदिन्याच्या तेलाचं, वनस्पतिजन्य म्हणून एक औषध विकलं जात होतं. त्यात बेकायदा फिप्रोनिल मिसळलेलं निघालं. ते अंड्यांत उतरलं आणि युरोपातल्या अनेक देशांच्या बाजारांतून लाखो अंडी परत घ्यावी लागली. तिथे अंडी तपासणारी यंत्रणा होती म्हणून ते उघडकीला आलं. तुमच्या दारात गावठी अंडं म्हणून चार पैसे जास्त देऊन लहान मुलासाठी अंडी नेणाऱ्या शेजारणीकडे प्रयोगशाळा नाही.

गाई-म्हशींना टोचायचं आयव्हरमेक्टिन कोंबडीला थेंबाने पाजण्याचा किंवा मानेवर सोडण्याचा घरगुती प्रकार असतो. त्याचाही अंश अंड्यात उतरतो. पशुवैद्यांनी सांगितलं आणि किती दिवस अंडी खायची नाहीत हेही सांगितलं, तरच.

मोठी फवारणी झाली की काम संपलं असं समजू नका. अंडी बहुतेक उपायांतून वाचतात. आज मोठे माइट मेले तरी परवा अंडी फुटणार आणि पुढच्या आठवड्यात ती पिल्लं अंडी घालणार. म्हणून पाच ते सात दिवसांनी दुसरी फेरी, तितक्याच अंतराने तिसरी. दुसऱ्या फेरीला माइट जवळजवळ दिसतच नाहीत आणि माणूस कंटाळतो. बहुतेक खुराडी इथेच पुन्हा हातची जातात. तिसरी फेरी चुकवू नका.

घरातले उपाय, त्यांची पोच

राख चांगली. कोंबडी मुळातच राखेत, मातीत अंग घालते. ती तिची अंघोळ. चाळलेली लाकडाची राख आणि कोरडी माती पसरट घमेल्यात, पावसाचं पाणी लागणार नाही अशा जागी ठेवा. भाताच्या तुसाची राख मिळाली तर उत्तम, तिच्यात सिलिका भरपूर असते. बारीक धारदार कण किड्याच्या अंगावरचं मेणकट आवरण खरवडतात आणि तो सुकून मरतो. डायटोमेशियस अर्थ नावाची पांढरी पूड बाजारात विकतात, ती याच तत्त्वावर चालते. तिच्यात दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. ती नाकात जाऊ देऊ नये, तुमच्याही आणि कोंबडीच्याही, म्हणून उधळायची नाही, ब्रशने भेगांत भरायची. आणि ती कोरडी असेतोवरच काम करते. कोकणात जून ते सप्टेंबर तिच्यावर पैसे घालवण्यात अर्थ नाही. देशावर, कोरड्या हवेत, जरूर वापरा. प्लॅस्टिक किंवा कोळसा जाळलेली राख मात्र नको.

चुना स्वस्त आणि गुणी. पाण्यात रात्रभर भिजवून निवलेला चुना, ताकाहून थोडा दाट, आतून-बाहेरून दोन हात द्या. बारीक भेगा त्याने बुजतात. शिवाय पांढऱ्या फळीवर लाल ठिपका लांबून दिसतो, म्हणजे पुढच्या वेळी रोग लवकर कळतो. डोळ्यांत उडणार नाही एवढं बघा.

कडुनिंबाचं किंवा करंजाचं तेल दांड्यांना आणि त्यांच्या खाचांना दर आठवड्याला लावणं फायद्याचं आहे. तेलाच्या थराखाली माइट गुदमरतो. जवसाचं तेलही चालतं, पण त्याने माखलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल हवेत सुकताना उष्णता सोडतं आणि गठ्ठ्यातली फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. ती पसरून वाळवायची. रॉकेल, डिझेल किंवा गाडीचं जळकं इंजिन ऑइल यांची शिफारस मी करणार नाही. माइट मरतात, कबूल. पण कोंबडीचे तळवे भाजतात, अंड्यांना वास लागतो, आगीची भीती राहते, आणि इंजिन ऑइलमधले धातू कोंबडी पायांवरून आणि पिसांवरून चोचीने पोटात घेते.

निर्गुडीचा, सीताफळाचा, कडुनिंबाचा पाला अंड्यांच्या जागी घालण्याची रीत चांगली आहे, चालू ठेवा. वेखंडाची पूडही काही जण टाकतात. किड्यांना त्यांचा वास नकोसा असतो. पण फळीच्या फटीत दडलेल्या शेकडो माइटना पाला बाहेर काढू शकत नाही. तो पहारेकरी आहे, भरलेलं खुराडं रिकामं करणं त्याच्या आवाक्याबाहेर. सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यांना घातक असते, ती वापरूच नये.

खुडूक कोंबडीचं वेगळं सांगायला हवं. एकवीस दिवस एका जागी, ऊबदार, अंधारात, न हलता बसलेली कोंबडी म्हणजे माइटला चोवीस तास वाढलेलं पान. माइट झालेल्या खुराड्यात तिला बसवू नका. डालं उन्हात तापवून घ्या, तळाला राखेचा थर, वर नवा पेंढा आणि पाला, आणि डालं खुराड्याबाहेर. अंडी फुटण्याच्या दोन-तीन दिवस आधी, ती दाणा खायला उठते तेव्हा, पेंढा बदलून टाका. अंडी हलतील याची फार धास्ती नको. दोन मिनिटांत उरकलं तर काही बिघडत नाही. एका दिवसाच्या पिल्लाच्या अंगात रक्त असतं ते किती. रात्रभर माइटच्या झुंडी त्यावर तुटून पडल्या तर सकाळी ते उठत नाही.

अशक्त झालेल्या कोंबड्यांना महिनाभर बरा दाणा, हिरवा पाला आणि जंताचं औषध लागेल का याची विचारपूस, एवढं पुरतं. माइट गेले की तुरा आपण होऊन लाल होतो.

पुन्हा येऊ नयेत म्हणून

येतात कुठून? बहुतेक वेळा आपणच आणतो. आठवडा बाजारातून आणलेली कोंबडी, तिच्यासोबत आलेली टोपली किंवा खोकं, दुकानातून फुकट मिळतात म्हणून आणलेले अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे. ट्रे घरी आणू नका, टोपली त्याच दिवशी उकळत्या पाण्याने धुवा, आणि नवी कोंबडी पंधरा दिवस वेगळ्या डाल्याखाली ठेवा; राणीखेतसारख्या रोगांसाठीही ही सवय हवीच. दुसरी वाट चिमण्या, साळुंक्या, कबुतरं यांची. त्यांच्या घरट्यांत हे माइट असतात आणि पिल्लं उडून गेली की उपाशी माइट खाली उतरतात. खुराड्याच्या छपरातलं घरटं पिल्लं असताना मोडू नका, ती उडाल्यावर लगेच काढून जाळा.

खुराड्यात सांधे जितके कमी, तितकी लपायला जागा कमी. धुऊन-सुकवून झाल्यावर भेगांत सुताराची लांबी भरा. लाकडाचा भुसा आणि फेव्हिकॉल कालवूनही चांगली लांबी होते. दांडी साल काढलेली, गुळगुळीत, दोन-अडीच इंच रुंद, कडा गोल केलेली असावी. बांबू वापरत असाल तर त्याची पोकळ टोकं सिमेंटने बुजवा किंवा पेराशी कापा, नाहीतर तेच माइटचं मोठं घर होतं. सगळ्यांत कामाची युक्ती अशी: दांडी भिंतीत अडकवूच नका. दोन पायांच्या घोडीवर बसवा, ती कुठल्याही भिंतीला टेकणार नाही एवढी अलीकडे ठेवा, आणि घोडीचे पाय तेल भरलेल्या वाट्यांत. मुंग्या चढू नयेत म्हणून दुधा-तुपाच्या जाळीच्या कपाटाखाली आपण पाण्याच्या वाट्या ठेवायचो, तीच कल्पना. पाणी दोन दिवसांत आटतं म्हणून इथे तेल. भिंतीत माइट राहिले तरी रात्री कोंबडीपर्यंत त्यांना रस्ता उरत नाही. पेंढा किंवा जाळं वाटीवर पडून पूल तयार होत नाही ना, हे मात्र बघत राहायला हवं.

पहारा ठेवायला पन्हळी पुठ्ठा वापरा. तळहाताएवढा तुकडा दांडीच्या खाली सुतळीने बांधायचा, दोन-तीन दिवसांनी सोडून पांढऱ्या कागदावर झटकायचा. माइटना त्या पन्हळींत लपायला आवडतं. काही सापडलं तर पुठ्ठा जाळा आणि त्याच आठवड्यात फवारणीला लागा. लागण लहान असताना एका दुपारचं काम असतं. पावसाळ्यात दर पंधरवड्याला, एरवी महिन्यातून एकदा, एवढं पुरे.

माणसांना हे माइट चावतात. मनगटावर, कमरेपाशी, मानेवर बारीक लाल फोड उठतात आणि रात्री खाज सुटते. ते माणसाच्या अंगावर घर करत नाहीत, त्यामुळे घाबरण्याचं कारण नाही. खुराड्यातून आल्यावर कपडे गरम पाण्यात टाका आणि अंघोळ करा. खाज राहिलीच तर डॉक्टरांना कोंबड्या पाळतो हे आवर्जून सांगा, नाहीतर खरजेचं औषध सुरू होतं. खुराडं घराच्या भिंतीला लागून असेल आणि कोंबड्या काढून टाकल्या असतील, तर उपाशी माइट घरात शिरतात. रिकामं खुराडंही साफ करावंच लागतं.

काही खुराडी वाचवण्याच्या लायकीची नसतात. आंब्याच्या जुन्या पेट्या जोडून केलेलं खुराडं दिसायला काटकसरीचं, पण त्याच्या प्रत्येक पट्टीखाली फट असते. पाणी पिऊन फुगलेल्या प्लायचे पदर सुटतात आणि माइट त्या पदरांच्या आत राहतात, तिथे पाणीही पोचत नाही आणि औषधही. तीन फेऱ्या नीट केल्यावरही पुठ्ठ्यावर माइट पडत असतील, तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा किंवा १९६२ या टोल फ्री क्रमांकावर विचारा, आणि खुराडं असं पेट्यांचं किंवा प्लायचं असेल तर ते जाळून नवं करा. मोडलेल्या खुराड्याच्या फळ्या कितीही चांगल्या दिसत असल्या तरी शेजाऱ्याला देऊ नका आणि सरपण म्हणून पडवीत रचून ठेवू नका; त्याच दिवशी, अंगणातच, जाळा.